सराफ्यात खाणाऱ्यांनी अलाइनर घ्यावा की तारा?

इंदूरात दात सरळ करायचे तर आधी खाण्याचा हिशेब मांडा. अलाइनर म्हणजे दातांवर चढवायचा पारदर्शक प्लास्टिकचा साचा, तो दिवसाचे 20-22 तास दातांवर हवा. खाताना काढायचा, चहालाही काढायचा. सराफ्यात, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊबाजारात, भुट्ट्याचा कीस, मग गराडू (तळलेला कंद), मग रबडी असं रात्रभर चरणाऱ्यांनी थेट तारा बसवाव्यात. आमच्या चिरंजीवांना मी त्याच लावल्या. कीस चालतो, अख्खं कणीस आणि चिक्की बंद, ब्रॅकेट (दाताला चिकटवलेला, तार धरणारा तुकडा) निखळतं.

मुलगी शिस्तीची, तिला अलाइनर. मागच्या दाढेपासून, आतल्या बाजूने नखाने सोडवायचा. धुवायला गार पाणी. गरम पाण्याने आकार बिघडतो. डबीतच ठेवा, कागदी रुमालात गुंडाळलात की गेलाच कचऱ्यात!

दात फारच वळलेले असतील तर ऑर्थोडॉन्टिस्टचं, म्हणजे दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांचं ऐका. रिटेनर (सरळ झालेले दात जागेवर धरणारा साचा किंवा तार) दोन्हींनंतर लागतो, त्याचे पैसे आधीच विचारून घ्या.