आधी तळहात बघा

ओरल पॅथॉलॉजीच्या, म्हणजे तोंडाच्या आजारांच्या निदानशास्त्राच्या, पहिल्या वर्षाला होते तेव्हा पेडोच्या (लहान मुलांच्या दंतविभागाच्या) ओपीडीतून अकरा वर्षांच्या एका मुलाचा ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे, आला. खालच्या जबड्यात दोन्ही बाजूंना काळ्या पोकळ्या, वर डाव्या सुळ्याभोवती तिसरी. न उगवलेल्या दाताभोवती पोकळी म्हणजे डेंटिजेरस सिस्ट, हे पाठ होतं. तेच लिहून मी मोकळी झाले.

सरांनी कागद बाजूला सारला. "तीन जागी? पोराचे हात बघितलेस का?"

पोराचे हात दहा मिनिटं कोमट पाण्यात बुडवून ठेवले. बाहेर काढल्यावर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे तळहातभर दिसले. कोरड्या हातावर ते मला दिसलेच नसते. बायोप्सीत ओडोन्टोजेनिक केराटोसिस्ट (दात घडवणाऱ्या पेशींतून होणारी, आतून केराटिनचं अस्तर असलेली सिस्ट) निघाली, छातीच्या एक्स-रेत एक बरगडी टोकाला दुभंगलेली. गॉर्लिन सिंड्रोम: जबडा, हाडं आणि त्वचा या सगळ्यांवर खुणा सोडणारा आनुवंशिक आजार.

गॉर्लिन आणि गोल्ट्झ यांनी १९६० साली याची नीट मांडणी केली. दोष बहुतेकदा पीटीसीएच-१ या जनुकात असतो. पुस्तकं या आजारात होणाऱ्या त्वचेच्या कॅन्सरवर पानंच्या पानं भरतात, पण सावळ्या कातडीवर तो कमी दिसतो. त्यामुळे आपल्याकडे या आजाराचा पहिला सुगावा जबड्यातच लागण्याची शक्यता जास्त.

नव्याने आलेल्यांनी स्लाइडवर फार विसंबू नये, हे पॅथॉलॉजीवालीच सांगतेय. सहा ते आठ पेशींचा थर, वर नागमोडी केराटिन (कातडीत, नखांत असतं ते कडक प्रथिन), तळाशी ओळीत उभ्या पेशी: ही सिस्ट ओळखता येते, सिंड्रोम नाही. आणि सूज आलेल्या भागातून तुकडा घेतलात तर हीसुद्धा खूण पुसलेली असते.

दोन्ही बाजूंचा जबडा फुगलाय म्हणून प्रत्येक वेळी गॉर्लिनच्या मागे लागू नका. चेरुबिझम हा लहान मुलांचे जबडे दोन्ही बाजूंनी फुगवणारा दुसरा आजार त्याच्या बरोबर उलट वागतो. दोन ते पाच वर्षांच्या वयात गाल फुगायला लागतात, वयात येईपर्यंत वाढतात आणि मग बऱ्याचदा आपोआप ओसरतात. तिथे थांबणं हाच उपचार ठरू शकतो. केराटोसिस्ट मात्र काढावी लागते, काढूनही परत येते, म्हणून वर्षाला ओपीजी. सीटी स्कॅन मागताना हात आखडता घ्या. या मुलांना किरणोत्सर्ग बाधतो. मेंदूच्या गाठीसाठी रेडिएशन दिलेल्या गॉर्लिनच्या मुलांत त्याच जागी त्वचेचे कॅन्सर उगवतात.

केस हिस्टरी घेताना "घरात आनुवंशिक आजार आहे का?" असं विचाराल तर उत्तर ठरलेलं: नाही. मलाही तेच मिळालं. मग सरांनी वडिलांना विचारलं, "घरात कुणाची जबड्यातली गाठ काढली होती का?" वडील म्हणाले, "माझीच की. लग्नाआधी, दोनदा." पालक खरोखर निरोगी निघाले तरी निदान खोडू नका, कारण काही मुलांत हा बदल नव्यानेच झालेला असतो.

सोबत सहा वर्षांची धाकटी बहीण होती. तिचेही हात भिजवले, काही नव्हतं. पण हे खड्डे वयाबरोबर उमटत जातात. जनुकाची चाचणी होईपर्यंत तिचं नाव माझ्या वहीत पेन्सिलीने लिहिलेलं होतं.