नर्सेसच्या पुरेशा संख्येसाठी संप पुकारण्यापूर्वी

पगारवाढीची मागणी कोणालाही चटकन कळते. ‘वॉर्डात नर्सेस कमी आहेत’ ही तक्रार मात्र प्रशासन ‘पदभरती प्रक्रियेत आहे’ एवढ्या एका वाक्यावर वर्षानुवर्षे टोलवू शकते. म्हणून या प्रश्नावर संपाचा विचार करणाऱ्या मुंबईतील संघटनेने, मग ती राज्य शासनाच्या, महापालिकेच्या किंवा खासगी रुग्णालयातील असो, घोषणा तयार करण्याआधी आकडे जमवावेत.

प्रत्येक वॉर्डाची प्रत्येक पाळीची स्थिती ओव्हर घेतानाच, म्हणजे आधीच्या पाळीकडून वॉर्डाचा ताबा घेतानाच, स्वतंत्र वहीत लिहावी. नोंद कशी असावी याचा नमुना असा: ‘रात्रपाळी, पुरुष मेडिकल वॉर्ड. खाटा 36, रुग्ण 51, पैकी 15 जमिनीवरील गाद्यांवर. ऑक्सिजनवर 3. हजर स्टाफ नर्स 2, त्यांपैकी एक दुसऱ्या वॉर्डातून पाठवलेली. मावशी 1.’ रुग्णाचे नाव किंवा केसपेपरचा क्रमांक या वहीत कधीही येऊ देऊ नये आणि वॉर्डाचे मूळ रजिस्टर घरी नेऊ नये किंवा त्याचे फोटो फिरवू नयेत, कारण पुढे चौकशी लागली तर पहिले बोट त्यावरच ठेवले जाते. जमिनीवरच्या रुग्णांचा आकडा वेगळा लिहिणे आवश्यक आहे. मंजूर पदांचा हिशेब खाटांवर होतो, आणि गादीवरचा रुग्ण त्या हिशेबात कुठेच नसतो.

याच्या जोडीला माहितीच्या अधिकारात तीन गोष्टी मागवाव्यात: मंजूर पदे, भरलेली पदे आणि प्रतिनियुक्ती किंवा दीर्घ रजा वगळून प्रत्यक्ष उपलब्ध असलेल्या नर्सेस. कायद्याने 30 दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. खासगी रुग्णालयात हा मार्ग नसतो. तिथे ड्युटी लिस्टच्या प्रती आणि अधिसेविकांना (मेट्रनना) वेळोवेळी दिलेली पत्रे हाच पुरावा. असे प्रत्येक पत्र आवक विभागात देऊन शिक्क्यासह पोच घ्यावी. तोंडी सांगितलेले, चौकशीत कोणालाच आठवत नाही.

मागणी लिहिताना सर्वाधिक वेळ द्यावा. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांत शैक्षणिक रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डासाठी 1:3 (तिघांमागे एक नर्स), इतर रुग्णालयांसाठी 1:5 आणि शिवाय रजा-राखीव म्हणून 30 टक्के असे प्रमाण आहे. पण मागणीपत्रात नुसते ‘1:3 लागू करा’ असे लिहिले, तर ते प्रत्येक पाळीचे प्रमाण की एकूण पदांचे, हा वाद उभा राहतो, आणि तो प्रशासनाच्या सोयीनेच सुटतो. एकूण पदे धरली तर 36 खाटांच्या वॉर्डाला 12 नर्सेस येतात. त्या तीन पाळ्यांत वाटल्या की साप्ताहिक सुट्या धरण्याआधीच एका पाळीत चौघी, म्हणजे एका नर्सकडे नऊ रुग्ण. म्हणून मागणी नेहमी ‘प्रत्येक पाळीत, प्रत्यक्ष रुग्णसंख्येवर’ अशा शब्दांत मांडावी आणि प्रमाण मोडले तर काय व्हावे हेही त्याच परिच्छेदात लिहावे: ठरावीक तासांत जादा नर्स द्यावी, नाहीतर तातडीचे नसलेले नवे रुग्ण दाखल करून घेणे थांबवावे. कॅलिफोर्नियात असे प्रमाण 2004 पासून कायद्याने लागू आहे, आणि जानेवारी 2023 मध्ये न्यूयॉर्कमधील दोन मोठ्या रुग्णालयांतील 7,000 हून अधिक नर्सेसनी तीन दिवसांच्या संपानंतर जे मिळवले, त्यात अंमलबजावणीची तरतूद हाच माझ्या मते खरा लाभ होता. मे 2022 मध्ये राज्यातील शासकीय नर्सेस बाह्यस्रोतांद्वारे होणाऱ्या भरतीविरुद्ध संपावर गेल्या होत्या. तो अनुभव ध्यानात घेऊन पदे नियमित असावीत, हे वाक्यही मागणीत घालावे.

कायद्याच्या बाबतीत आपला मालक कोण, हे आधी पाहावे. शासकीय नर्सेसना वर्तणूक नियमांनुसार संपाची मनाई आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये शासकीय कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत हक्क नसल्याचे स्पष्ट केले आहे; शिवाय मेस्मा (राज्याचा अत्यावश्यक सेवा कायदा) लागू झाला तर अटकेपर्यंत प्रकरण जाऊ शकते. खासगी रुग्णालयांत औद्योगिक संबंध संहिता 2020 पाहावी लागते, जी नोव्हेंबर 2025 पासून अमलात आली आहे. तिच्यानुसार नोटीस दिल्यापासून 14 दिवस संप करता येत नाही, ती नोटीस 60 दिवसांच्या आतल्या संपालाच चालते, आणि समेट कार्यवाही सुरू असताना व ती संपल्यावर आणखी 7 दिवस संप बेकायदा ठरतो. निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी एकाच दिवशी ठरवून किरकोळ रजा टाकली तर तोही संपच, त्यामुळे ‘सामूहिक रजा’ ही जुनी पळवाट आता उरलेली नाही. धर्मादाय संस्थांना ‘उद्योगा’च्या व्याख्येतून वगळलेले असल्याने ट्रस्टच्या रुग्णालयातील संघटनेने आणि पर्यवेक्षक ठरून ‘कामगारा’च्या व्याख्येबाहेर जाऊ शकणाऱ्या इनचार्ज सिस्टर्सनी कामगार कायद्याच्या वकिलाचा लेखी सल्ला आधीच घ्यावा. नोटिशीची प्रत वांद्रे-कुर्ला संकुलातील कामगार भवनात देऊन तिचीही पोच घ्यावी. नोटिशीपूर्वी गुप्त मतदान घेऊन निकाल लेखी ठेवावा. काठावरचे बहुमत असेल तर, नियमात बसत असले तरी, थांबलेले बरे.

आंदोलन एकदम संपावर नेऊ नये. काळ्या फिती, जेवणाच्या सुटीत गेट मीटिंग, मग आझाद मैदानावर पोलिसांच्या परवानगीने एक दिवसाचे धरणे, असे टप्पे ठेवले म्हणजे प्रत्येक टप्प्यावर चर्चेची दारे उघडी राहतात आणि कंत्राटी सहकाऱ्यांनाही नोकरी धोक्यात न घालता काही करता येते.

संपकाळातील तातडीच्या सेवेची योजना संघटनेने स्वतः आखून प्रशासनाला लेखी द्यावी. डिसेंबर 2022 च्या ब्रिटनमधील संपात केमोथेरपी, डायलिसिस, अतिदक्षता आणि नवजात अतिदक्षता हे विभाग संघटनेनेच वगळले होते. आपल्याकडे त्यात कॅज्युअल्टी, लेबर रूम आणि तातडीच्या शस्त्रक्रिया धराव्यात. प्रत्येक विभागात कोण, कोणत्या पाळीत, याची नावांसह यादी असावी. संप सुरू होण्याच्या पाळीला आधीच्या सिस्टरने रुग्ण कोणाच्या तरी ताब्यात, सही घेऊन दिल्याशिवाय वॉर्ड सोडू नये. औषधांचे कपाट, विशेषतः मॉर्फिनसारख्या औषधांची किल्ली, मोजणी करून सुपूर्द करावी. संपकाळात नर्सिंगच्या विद्यार्थिनींना देखरेखीशिवाय वॉर्डात उभे केले जाते, त्याला संघटनेने आधीच लेखी हरकत घ्यावी, पण त्या मुलींशी वाद घालू नये.

नातेवाइकांसाठी मराठी आणि हिंदीत एका पानाचे पत्रक पुरे. त्यात संघटनेच्या मागण्यांची यादी नको. ‘काल रात्री या वॉर्डात 51 रुग्णांमागे दोन नर्सेस होत्या’ असा, वहीत खरोखर नोंदलेला आकडा हवा.

तोडग्याच्या बैठकीला दोघींनी तरी टिपणे घ्यावीत आणि इतिवृत्तावर दोन्ही बाजूंच्या सह्या होईपर्यंत संप मागे घेतल्याचे जाहीर करू नये. पदे किती, जाहिरात कोणत्या तारखेला, प्रमाणाचा आढावा दरमहा कोण घेणार, संपकाळ कोणत्या रजेत धरणार आणि कोणावरही सूडबुद्धीने बदली अथवा शिस्तभंगाची कारवाई होणार नाही, या पाच बाबी त्यात नसतील तर बैठक पुढे चालू ठेवावी. पहिल्या आढावा बैठकीपर्यंत वॉर्डातील वह्या भरणे बंद करू नये.