गधेगाळीवरची झिजलेली अक्षरं फोनने कशी टिपावीत

गधेगाळ म्हणजे मुख्यतः शिलाहार-यादव काळातला, दानाची नोंद कोरलेला दगड. वर चंद्र-सूर्य, मध्ये लेख, खाली दान मोडणाऱ्याला शिवी म्हणून कोरलेलं गाढव. लेख दर पावसाळ्यात थोडा थोडा जातो, म्हणून आधी तो टिपायचा.

पुजाऱ्याला किंवा जमीनमालकाला विचारा, गवत हाताने बाजूला करा, शेजारी मोजपट्टी ठेवा. तारेचा ब्रश नको. अक्षरांत खडू किंवा पीठ भरायला सांगणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका. भरणारा त्याला वाटतं तेच अक्षर भरतो, मग फोटोत लेख न येता त्याचा अंदाज येतो.

आता उजेड. इथे मी दोन वर्षं चुकत होतो. भर दुपारी ढीगभर फोटो काढायचो. घरी येऊन पाहावं तर गाढव स्पष्ट आणि मधल्या ओळी सपाट. झिजलेलं अक्षर दिसतं ते खाचेतल्या सावलीमुळे, आणि समोरच्या उजेडात सावलीच पडत नाही. म्हणून अंधार पडल्यावर जा. फोन ट्रायपॉडवर, फ्लॅश बंद, फोकस लॉक. सोबत्याने टॉर्च दगडाच्या कडेला असा धरावा की उजेड पृष्ठभागाला घासत जाईल. एक फोटो झाला की टॉर्च पुढे, अशा किमान आठ दिशा. डावीकडच्या उजेडात काने उठतात आणि शिरोरेघा बुडतात. वरून टाकला की नेमकं उलट. एकदा फक्त वरच्या उजेडावर विसंबून मी एक काना गाळला आणि अख्खा शब्द चुकीचा वाचला.

थ्रीडी मॉडेल त्याच रात्री करू नका. दर फोटोत सावली हलली की सॉफ्टवेअर गोंधळतं. ढगाळ दिवशी दगडाभोवती तीन उंचींवरून फिरा, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा दोन तृतीयांश भाग येऊ द्या. पाठीमागची बाजूही घ्या. फोटो जुळवून मॉडेल करायला मेशरूम हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं.

मूळ फाइल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, बारीक खाचा पुसल्या जातात. विकिमीडिया कॉमन्स या खुल्या फोटोसंग्रहावर मुक्त परवान्याखाली आठही फोटो टाका. आपल्याला आवडलेला एकच टाकला तर पुढच्या वाचकाला आपलं वाचन तपासता येत नाही. गाव, तालुका, तारीख आणि उजेडाची दिशा लिहा. नेमकं ठिकाण मात्र देऊ नका. गधेगाळीखाली धन असतं या समजुतीने खणलेले खड्डे मी पाहिले आहेत. फोटो काढण्याआधीच कॅमेऱ्यातलं लोकेशन बंद करा.