कोकणात समुद्राजवळ जागा घ्यायची तर

तारकर्ली, गुहागर, आंजर्ले, दिवेआगर, कुठेही जा, मध्यस्थ आधी समुद्र दाखवतो आणि मग गुंठ्याचा भाव सांगतो. तुम्ही क्रम उलटा ठेवा. भावाचं बोलणं सुरू होण्याआधी तीन गोष्टींचा निकाल लागू द्या: ही जमीन तुमच्या नावावर होऊ शकते का, तिच्यावर बांधता येतं का, आणि मे महिन्यात तिथे पाणी असतं का. एकाचंही उत्तर नकारार्थी आलं, तर त्या जागेला बागेचा किंवा कातळाचा भाव द्या, पर्यटनाचा नको.

आधी तुमची पात्रता

किनाऱ्यालगतच्या बहुतेक जमिनी कागदावर आजही शेतजमिनी आहेत. १९४८च्या कूळवहिवाट कायद्याच्या कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. मुंबईत वाढलेल्या पण गावच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव असलेल्या चाकरमान्याला ही अडचण नाही. ज्याचं नाव कुठेच नाही, त्याला कोणीतरी ‘शेतकरी दाखला काढून देतो’ असं सांगणारा भेटतोच. त्या वाटेला जाऊ नका. खोट्या दाखल्यावर झालेला व्यवहार कलम ८४ क खाली बेकायदा ठरतो आणि जमीन सरकारजमा होऊ शकते. दाखला देणारा तेव्हा कुठेच नसतो. शेतकरी नसाल तर बिनशेती झालेला भूखंड किंवा गावठाणातलं घर शोधा. भाव जास्त पडेल, पण तो योग्य कारणासाठी जास्त असेल.

बिनशेती प्लॉटिंगमध्ये घेत असाल तर ५०० चौरस मीटरहून मोठ्या जागेवर पाडलेले प्लॉट महारेराकडे (राज्याचं स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरण) नोंदलेले असले पाहिजेत. नोंदणी क्रमांक संकेतस्थळावर तपासा. मंजूर रेखांकनावर तहसील किंवा नगररचना कार्यालयाचा शिक्का हवा. रंगीत माहितीपत्रकावरचा नकाशा म्हणजे मंजुरी नव्हे.

सातबारा शेवटच्या ओळीपर्यंत वाचा

महाभूमी संकेतस्थळावरून डिजिटल सहीचा सातबारा आणि आठ अ काढा. शिवाय तलाठ्याकडून (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी) त्या गटाचे जुने फेरफार मागा. किमान ३० वर्षांचा शोध स्थानिक वकिलाकडून घ्या, कारण त्या दुय्यम निबंधक कार्यालयातल्या जुन्या नोंदी कशा वाचायच्या हे त्याच भागातल्या माणसाला कळतं.

धारणा प्रकारात ‘भोगवटादार वर्ग १’, म्हणजे विक्रीला बंधन नसलेली जमीन, असेल तर पुढे जा. ‘वर्ग २’ असेल तर विक्रीला परवानगी लागते. ती हातात पडेपर्यंत एक रुपयाही देऊ नका.

इतर हक्कांचा रकाना कोकणात सगळ्यात महत्त्वाचा. तिथे कुळाचं नाव असेल तर आज शेतात कोणी दिसत नसलं तरी दावा जिवंत असू शकतो. कुळाने जमीन विकत घेतलेली असेल तर त्या खरेदीचं ‘३२ म’चं प्रमाणपत्र आणि अशी जमीन विकण्यावरचं कलम ४३ चं बंधन सुटल्याचा पुरावा मागा. ‘खाजगी वने’ असा शेरा दिसला तर तिथेच थांबा. १९७५च्या खाजगी वने संपादन कायद्याखालचा तो शेरा निघाल्याशिवाय बांधकाम होत नाही. आंबोली, चौकुळ, गेळे या बाजूला जागा बघत असाल तर कबुलायतदार गावकर (गावाने सामाईक धरलेल्या) जमिनींचा प्रश्न आधी समजून घ्या. देवस्थान इनाम आणि देवराईच्या जागांनाही हेच लागू.

मग नावं मोजा. एका गटावर वीस-पंचवीस नावं असणं इथे नेहमीचं आहे: भावकी, मुंबईतले पुतणे, लग्न होऊन गेलेल्या बहिणी. गावात राहणारा एक भाऊ ‘सगळ्यांच्या वतीने’ विकायला निघतो, आणि खरेदीखत झाल्यावर दुसऱ्या शहरातून नोटीस येते. प्रत्येक हिस्सेदाराची सही हवी, नाहीतर नोंदणीकृत हक्कसोडपत्र. कुलमुखत्यारपत्र असेल तर तेही नोंदणीकृत आणि देणारा हयात आहे याची खात्री करा. देणारा वारला की साधारणपणे त्याची ताकद संपते. स्थानिक दैनिकात जाहीर नोटीस देऊन १५ दिवस हरकतींची वाट पाहा.

घर विकत घेत असाल तर आणखी एक. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा घरपट्टीचा उतारा आहे, मालकीचा नाही. घर एकाच्या नावावर आणि खालची जमीन दुसऱ्याच्या, अशी घरं किनाऱ्यावर कितीतरी आहेत.

क्षेत्र वाचताना एक आर म्हणजे १०० चौरस मीटर आणि एक गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर (१,०८९ चौरस फूट) हा फरक धरा. पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारा भाग, वेगळा दाखवलेला असतो. कातळाचा भाग बहुधा त्यातच असतो.

सीआरझेडची रेषा

पर्यटनासाठी जागा घेणाऱ्याचा सगळा हिशोब इथे ठरतो. २०१९च्या अधिसूचनेनुसार समुद्राच्या बाजूने उच्चतम भरती रेषेपासून ५०० मीटरपर्यंत सीआरझेड, म्हणजे सागरी किनारा नियमन क्षेत्र, आहे. ग्रामीण भागात २०११च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्येची घनता दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त असेल तर ना विकास क्षेत्र ५० मीटरचं, नाहीतर २०० मीटरचं. किनाऱ्यावरची बहुतेक गावं दुसऱ्या प्रकारात मोडतात. ‘आता नियम ५० मीटरवर आलाय’ हे वाक्य ऐकलं तर त्या गावाचा वर्ग कोणता ते कागदावर दाखवायला सांगा. खाडीकाठी ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांतलं जे कमी ते धरतात. कांदळवन असेल तर वेगळं संरक्षण लागतं; १,००० चौरस मीटरहून मोठं कांदळवन असेल तर भोवतीचे ५० मीटरही मोकळे ठेवावे लागतात.

या २०० मीटरांत सहसा नवं रिसॉर्ट होत नाही. स्थानिकांना असलेल्या घराचा पाया आणि दर्शनी भाग न बदलता होम स्टे चालवता येतो. ही सवलत स्थानिक समाजासाठी आहे, बाहेरून आलेल्या गुंतवणूकदारासाठी नाही. २०० ते ५०० मीटरमध्ये रिसॉर्ट करायचं तर भूखंड किमान ०.४ हेक्टर, म्हणजे जवळजवळ चाळीस गुंठे, सगळ्या मजल्यांचं मिळून चटई क्षेत्र भूखंडाच्या ०.३३ पट, उंची ९ मीटर आणि तळमजला अधिक एक, अशा अटी आहेत. परवानगीचा प्रस्ताव महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे जातो. ‘पाच गुंठ्यांत बीच रिसॉर्ट’ ही जाहिरात या एका अटीपाशीच मोडते.

मंजूर आराखड्यात तुमचा गट नक्की कुठे येतो हे डोळ्यांनी ठरत नाही. मोठा भाग दाखवणाऱ्या नकाशात रेषेची जाडीच कित्येक मीटर भरते. केंद्राने मान्यता दिलेल्या संस्थेकडून १:४००० प्रमाणावर, गट नकाशावर रेषा चढवलेला नकाशा करून घ्या. हा खर्च आधी करा.

रेषा कागदावर स्थिर असली तरी वाळू स्थिर नसते. कर्ली खाडी आणि समुद्राच्या मधल्या देवबागच्या पट्टीत धूप दरवर्षी दिसते. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळाने दिवेआगर, श्रीवर्धन, दापोलीच्या किनाऱ्यावरच्या नारळ-सुपारीच्या बागा आडव्या केल्या. बागेच्या उत्पन्नावर भाव सांगत असतील तर झाडांचं वय बघा. आंबा-काजूची बाग व्यापाऱ्याला कराराने दिलेली आहे का, तेही विचारा. कराराचे हंगाम बाकी असले तर पीक त्याचं.

दोनदा जा: मेमध्ये आणि जुलैमध्ये

मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात शेजारच्या विहिरीत दोर सोडून पाणी मोजा. सड्यावर (कातळाच्या पठारावर) तेव्हा विहिरी तळाला गेलेल्या असतात. वाळूच्या पट्ट्यात वर गोडं पाणी लागतं, पण जोरात उपसलं की खारं चढतं. तिथल्या बोअरवर भरवसा ठेवून दहा खोल्यांचा आराखडा करू नका. जुलैत गेलात की पऱ्ह्या (पावसाळी ओढा) कुठून वाहतो, पाणी कुठे साठतं आणि गाडी कुठे अडते ते कळतं.

रस्ता गट नकाशावर असला पाहिजे. पाखाडी किंवा शेजाऱ्याच्या आवारातून जाणारी वाट म्हणजे गाडीरस्ता नव्हे, आणि वहिवाटीची वाट रुंद करायला तो कबूल होईलच असं नाही. रस्त्याचा हक्क खरेदीखतात गट क्रमांकासह लिहून घ्या. समोरच्या किनाऱ्यावर रापण (मासेमारीचं मोठं जाळं) ओढली जाते का, ग्रामदेवतेची पालखी त्याच वाटेने जाते का, हेही विचारा. अशी वाट अडवणाऱ्या मालकाचं गावात पुढे काही होत नाही, आणि होऊही नये.

शेवटी भूमी अभिलेख कार्यालयाची हद्द कायम मोजणी, शेजाऱ्यांना नोटीस देऊन. जांभ्याचा जुना गडगा हीच हद्द असं मानू नका. ‘क’ प्रत (मोजणीचा नकाशा) हातात आल्यावरच क्षेत्रावर भाव ठरवा.

पैसा

प्रकल्पाच्या घोषणेवर भाव देऊ नका. चिपी विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला, पण फेऱ्या कधी चालू तर कधी बंद. रेवस-रेड्डी सागरी मार्गाचं नाव घेऊन तर वर्षानुवर्षं जमिनी विकल्या जात आहेत. उलट त्या रस्त्याच्या आखणीत तुमचा गट संपादनात येतो का, ते तपासा.

समजा सीआरझेडच्या बाहेरचे दहा गुंठे ५० लाखांना घेतले आणि ३५ लाखांत चार खोल्या बांधल्या. दिवाळी, नाताळ, लागून आलेल्या सुट्ट्या आणि मे मिळून ११० दिवस २,००० रुपये दराने भरल्या, तर वर्षाचे ८,८०,००० येतात. राखण करणाऱ्या जोडप्याचा पगार, वीज, बुकिंगचं कमिशन, दर पावसाळ्यानंतरचा रंग आणि गंजलेले पत्रे-बिजागऱ्या यांत निम्मे गेले, तर ८५ लाखांवर हाती उरतात साडेचार लाखांच्या आतबाहेर. मुदत ठेव याहून कमी कटकटीची आहे. म्हणून स्वतः वर्षातले काही महिने तिथे राहणार असाल किंवा जमिनीची किंमत वाढेपर्यंत दहा वर्षं थांबू शकत असाल, तरच हा व्यवहार करा. कर्ज काढून तर नकोच.

विसार नोंदणीकृत साठेखतानेच (खरेदीआधीच्या कराराने) द्या. मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनर (सरकारी दरतक्ता) यांतल्या मोठ्या आकड्यावर लागतं. नोंदणी फी १ टक्का, जास्तीत जास्त ३०,००० रुपये. खरेदीखत झालं की काम संपत नाही: फेरफार नोंद पडते, हितसंबंधितांना नोटीस जाते, १५ दिवस हरकतीचे, मग मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो. तोवर शेवटचा हप्ता हातात ठेवायचा असं साठेखतातच लिहा, आणि नाव चढलेला सातबारा छापून घेतल्यावरच तो द्या.