विनोदी चित्रपट दुसरा शुक्रवार का पाहत नाही? निर्मात्यांनो, या चुका टाळा

बेताच्या बजेटचा मराठी विनोदी चित्रपट शुक्रवारी लागतो, सोमवारी त्याची गर्दी निम्म्यावर येते आणि पुढच्या शुक्रवारी तो कुठे लागलाय हे शोधावं लागतं. मग ठरलेली वाक्यं येतात: थिएटरं मिळत नाहीत, मराठी माणूसच मराठी चित्रपट पाहत नाही. पहिल्या तक्रारीत तथ्य आहे. दुसरीत फारसं नाही. त्याच आठवड्यात पुण्यात कोथरूडच्या यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात जास्त पैसे मोजून लोक विनोदी नाटकाला बसलेले असतात. प्रेक्षक आहे, पण चित्रपटवाले त्याला इतक्या पडद्यांवर विखरून टाकतात की कुठल्याच शोला हशा पिकत नाही.

रहस्यपट अठरा माणसांतही चालतो, कदाचित जास्तच चालतो. विनोदाचं तसं नाही. तीनशे खुर्च्यांच्या हॉलमध्ये अठरा माणसं असली की प्रत्येक जण एकट्याने हसायला बिचकतो. बाहेर आल्यावर तो ‘हॉल रिकामा होता’ म्हणत नाही, ‘ठीक होता’ म्हणतो. माऊथ पब्लिसिटी तिथेच संपते.

हिशेब तिकिटापासून करा

‘दोन कोटींचा गल्ला जमला की सुटलो’ हे गणित चुकीचं आहे, कारण गल्ला निर्मात्याचा नसतो. दीडशे रुपयांचं तिकीट घ्या. त्यातला १८ टक्के जीएसटी काढला की उरतात १२७. पहिल्या आठवड्यात मल्टिप्लेक्सने निम्मे ठेवले की ६३.५०. वितरकाचं कमिशन १० टक्के धरलं तर निर्मात्याच्या हातात ५७ रुपये. २००९ साली हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यातल्या वादानंतर ५०, ४२.५, ३७.५ आणि ३० टक्के असा निर्माता-वितरकाचा आठवड्यागणिक उतरता हिस्सा ठरला. मराठीचे करार पुष्कळदा त्याच धर्तीवर असतात, पण आपला कागद स्वतः वाचा, सांगोवांगीवर विश्वास ठेवू नका. दुसऱ्या आठवड्यात त्याच तिकिटाचे साधारण ४९ रुपये होतात.

आता समजा, थिएटरमधून दोन कोटी वसूल व्हायला हवेत. ५७ ने भागा, साडेतीन लाख तिकिटं. राज्यभर रोज २०० शो आणि शोमागे सरासरी ४० माणसं धरली तर दिवसाला आठ हजार. म्हणजे ४४ दिवस लागतील, आणि तेही हिस्सा उतरत जातो हे न धरता. बेताच्या चित्रपटाला ४४ दिवस कोणी देत नाही. हे गणित पटकथेच्या टप्प्यावर मांडलं तर बजेट कुठे छाटायचं ते तेव्हाच दिसतं. सरकारी अनुदान आणि ओटीटीचे पैसे या हिशेबात जमेला धरूच नका. अनुदान परीक्षणातल्या दर्जावर ठरतं आणि उशिरा मिळतं, तर ओटीटीवाले आधी थिएटरमधला आकडा विचारतात.

तिकिटाच्या दराबद्दलही एक गैरसमज आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी आहे. शंभरच्या तिकिटातून वरच्याच हिशेबाने निर्मात्याला ४३ रुपये मिळतात. म्हणजे दीडशे देणारी तीन माणसं आणि शंभर देणारी चार माणसं यांचं उत्पन्न जवळजवळ सारखं. मग विनोदी चित्रपटाने चार माणसंच का घेऊ नयेत? चौथा माणूस हसतो आणि घरी जाऊन सांगतो. दर थिएटर ठरवतं हे खरं, पण मंगळवार ते गुरुवार शंभरचा दर लावा, असा आग्रह वितरकामार्फत धरता येतो.

सर्वांत महागडी चूक: शोंची संख्या मिरवणं

‘चारशे स्क्रीन, नऊशे शो’ हे पोस्टरवर छान दिसतं. पण थिएटरचा प्रोग्रामर, म्हणजे कुठल्या पडद्यावर काय लावायचं ते ठरवणारा माणूस, एकूण तिकिटं बघत नाही. प्रत्येक शोला किती टक्के खुर्च्या भरल्या आणि शेजारच्या पडद्यावरचा हिंदी किंवा दक्षिणेकडचा चित्रपट त्याच वेळेला किती भरला असता, एवढंच तो पाहतो. पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून दिवसाला ६० शो घेतले आणि १,०८० माणसं आली, तर शोमागे १८. तीच माणसं २० शोंत आली तर शोमागे ५४. आणि तीनशेऐवजी एकशे तीस खुर्च्यांचा छोटा हॉल मागून घेतला तर तोच शो ४१ टक्के भरलेला दिसतो. माणसं तेवढीच, पण ६ टक्केवाला सोमवारी उतरतो आणि ४१ टक्केवाल्याला दुसरा आठवडा मिळतो. शिवाय प्रत्येक पडद्यामागे डिजिटल प्रक्षेपणाची फी वेगळी असते. ती समजा आठवड्याला ८,००० रुपये पडली, तर पहिली १४० तिकिटं तिच्यातच जातात. हिंजवडीतल्या ज्या पडद्यावर आठवडाभरात नव्वद माणसं येतात, तो पडदा आपण पदरचे पैसे घालून चालवत असतो.

कुठले शो घ्यायचे? कोथरूड, सातारा रस्ता, सिंहगड रस्ता इथे दुपारी बारा ते चारचा शो वाया जात नाही. निवृत्त मंडळी आणि महिलांचे गट याच वेळेला येतात. रात्री दहाचा शो मात्र घेऊ नका. कुटुंबाचा चित्रपट त्या वेळेला कोणी पाहत नाही आणि सरासरी खाली ओढली जाते. खराडी, वाकड, हिंजवडी या आयटीवाल्यांच्या भागांत फक्त शनिवार-रविवार, दुपारी एक ते संध्याकाळी सात. पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. मुंबईत बसून तक्ता लावणाऱ्या वितरकाला हे सुचत नाही, म्हणून तो गुरुवारचा संध्याकाळचा शो आपणच मागायचा.

२०१५ साली राज्य सरकारने मल्टिप्लेक्समध्ये मराठीला प्राइम टाइम देण्याचं जाहीर केलं, आणि वाटाघाटींनंतर तो प्राइम टाइम दुपारी बारा ते रात्री नऊ असा पसरला. त्यावर विसंबून राहिलात तर हिंजवडीत मंगळवारी दुपारी बाराचा शो मिळेल. नियम पाळला गेला, प्रेक्षक आला नाही.

हशा एडिटिंगच्या टेबलावर मरतो

नाटकातला नट हशा ओसरेपर्यंत थांबतो. पडद्यावरचा थांबत नाही. मोठ्या विनोदानंतर लगेच महत्त्वाचं वाक्य आलं तर ते हशात बुडतं आणि पुढचे दोन विनोद कळतच नाहीत. टेबलावर एकट्याने पाहणाऱ्या एडिटरला मधली जागा रिकामी वाटते, म्हणून तो ती कापतो. मोठ्या हशानंतर दीड-दोन सेकंद प्रतिक्रियेचा शॉट ठेवा आणि त्यावर कथा पुढे नेणारं वाक्य टाकू नका.

ही जागा नेमकी कुठे हवी ते अंदाजाने ठरत नाही. पन्नास-साठ खुर्च्यांचा प्रिव्ह्यू हॉल घ्या आणि तो अनोळखी माणसांनी पूर्ण भरा. युनिटचे नातेवाईक नकोत, ते नावं वाचूनही हसतात. हॉलच्या मागे एक रेकॉर्डर ठेवून प्रेक्षकांचा आवाज टिपा आणि तो एडिटिंगच्या टाइमलाइनवर चित्रपटाखाली जोडा. हसू कुठे आलं, किती सेकंद टिकलं आणि कुठे अपेक्षित असूनही आलं नाही, हे डोळ्यांना दिसतं. वेगवेगळ्या प्रेक्षकांच्या दोन खेळांत जो विनोद पडला तो काढा, लेखक कितीही रुसला तरी. ‘आवडला का?’ हा प्रश्न विचारू नका, पुण्यातला माणूसही समोरासमोर ‘छान’च म्हणतो. ‘पुढच्या आठवड्यात तिकीट काढून कोणाला घेऊन याल?’ असं विचारा. नाव चटकन आलं तर ठीक.

हे सगळं सेन्सॉरच्या आधी. प्रमाणपत्र मिळाल्यावर काही कापलं तर तो बदल मंडळाकडून पुन्हा नोंदवून घ्यावा लागतो आणि प्रदर्शनाच्या तोंडावर तेवढे दिवस हातात नसतात. थिएटरात दाखवायच्या ट्रेलरलाही स्वतंत्र प्रमाणपत्र लागतं, हे ऐनवेळी आठवणारे दरवर्षी असतात.

आवाजाची चूक तर हमखास होते. मिक्सिंग, म्हणजे संवाद, संगीत आणि बाकीचे आवाज एकत्र जुळवणं, स्टुडिओत डॉल्बी प्रोसेसरच्या आवाजाच्या बटणावर ७ ही प्रमाण पातळी धरून होतं. थिएटरवाले, प्रेक्षकांच्या तक्रारी नकोत म्हणून, आवाज पाच किंवा साडेचारवर ठेवतात. स्टुडिओत गोड वाटणारी कुजबूज तिथे ऐकूच येत नाही आणि ‘विनोद आहे बरं का’ असं सांगणारं टिंगटाँग संगीत तेवढं वाजत राहतं. एक रीळ साडेचारवर वाजवून ऐका. जे वाक्य कळत नाही तिथलं संगीत खाली घ्या, किंवा काढूनच टाका. विनोदाला घंटा वाजवून हसवावं लागत असेल तर गडबड संगीतात नाही, लेखनात आहे.

ट्रेलर, पोस्टर, पास

ट्रेलरमध्ये सगळे पंच संपवू नका. तीन ठेवा, तेही पहिल्या अर्ध्या तासातले. पोस्टरवर आ वासलेले आठ चेहरे असले की गोष्ट काय आहे ते कळत नाही. कोण, कुठल्या लफड्यात अडकलाय, एवढं एका नजरेत दिसायला हवं. टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमातला लोकप्रिय नट घेतला की प्रेक्षक आलाच, हाही भ्रम. तो नट घरबसल्या रोज फुकट दिसतो. तिकीट काढायचं तर त्याने तिथे न केलेलं काहीतरी इथे करायला हवं.

फुकट पास वाटणं हे पुण्यात फार चालतं. अडचण अशी की जे लोक पास मिळवतात तेच तिकीट काढणारे होते. त्याऐवजी ज्येष्ठ नागरिक संघ, महिला मंडळं, भिशीचे गट, सोसायट्या यांना मंगळवार-बुधवारच्या दुपारच्या शोची एकगठ्ठा बुकिंगं सवलतीत द्या. हॉल भरतो, हशा पिकतो आणि आठवड्याच्या मधल्या दिवसांची सरासरी सावरते.

स्वतःचीच तिकिटं विकत घेऊन ‘हाऊसफुल्ल’ दाखवणं तर शुद्ध तोटा. दीडशे दिले, ५७ परत आले, ९३ गेले. हजार तिकिटांमागे ९३,००० रुपये. वर आकडे खोटे झाल्यामुळे खरं दुखणं कुठे आहे ते आपल्यालाच कळत नाही.

तारीख

गणपतीच्या दहा दिवसांत पेठांमधले रस्ते बंद असतात, तेव्हा शहराच्या मध्यभागातली थिएटरं विसरा. पालख्या पुण्यात मुक्कामी असतात ते दिवसही तसेच. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा, दिवाळीत मोठ्या हिंदी चित्रपटांनी पडदे आधीच धरलेले. एप्रिल-मे सुट्टीमुळे बरा, मात्र आयपीएलमुळे संध्याकाळ कच्ची. त्या काळात दुपारचे शो मागा.

शुक्रवार ते रविवार: दुखणं ओळखा

शोनिहाय आकडे रोज रात्री मागवून घ्या. एकूण गल्ल्यावरून काही कळत नाही, शोमागची माणसं बघा.

शुक्रवार २०, शनिवार ३५, रविवार ५५ असा चढ असेल तर चित्रपट आवडतोय, पण लोकांना माहीत नव्हता. जाहिरातीचे उरलेले पैसे इथे घाला आणि प्रेक्षकांच्या प्रतिक्रियांपेक्षा चित्रपटातला एखादा पूर्ण प्रसंग दाखवा. शुक्रवार ५०, शनिवार ५०, रविवार ४५ असेल तर ट्रेलरने माणसं आणली आणि चित्रपटाने ती गमावली. इथे जाहिरातीवर आणखी एक रुपयाही घालू नका, उरलेले पैसे वाचवा. कोथरूडला ६० आणि वाकडला ८ असेल तर वाकडचे शो आपणहून सोडा आणि बदल्यात कोथरूडची संध्याकाळची वेळ मागा. शो सोडायला तयार असलेल्या निर्मात्याचं प्रोग्रामर ऐकून घेतो.

आणि हे बोलणं रविवारी रात्रीच व्हायला हवं, वितरकामार्फत, शोनिहाय आकडे समोर ठेवून. पुढच्या शुक्रवारचे पडदे सोमवार-मंगळवारी ठरायला लागतात. बुधवारी फोन केलात तर सकाळी साडेनऊचा शो मिळेल.