संशोधनाच्या बातमीचा ताळा कसा करायचा

२०२४च्या ऑक्टोबरात सुनेने घरच्या ग्रुपवर एक बातमी टाकली: काळ्या प्लास्टिकच्या उलथन्यांतून आग रोखणारी रसायनं पोटात जातात, तीही जवळजवळ सुरक्षित मर्यादेइतकी. त्याच संध्याकाळी मी दोन्ही उलथनी फेकून दिली. एकतीस वर्षं लोकांच्या खतावण्या तपासलेली बाई मी, आणि स्वतःच्या घरात ताळा न करताच माल टाकून मोकळी झाले! डिसेंबरात दुरुस्ती आली. मूळ निबंधात एक शून्य गळलं होतं.

दर किलो वजनामागे रोज ७,००० नॅनोग्रॅम ही मर्यादा, माणूस ६० किलोचा. साठ साते चारशे वीस, म्हणजे ४,२०,०००. छापलं होतं ४२,०००. पोटात जाण्याचा अंदाज होता ३४,७०० नॅनोग्रॅम. म्हणजे जे मर्यादेला टेकलेलं वाटत होतं ते तिच्या बाराव्या हिश्शाइतकंच निघालं. तेव्हापासून पर्यावरण आणि आरोग्याचं काहीही वाचायचं तर मी वही घेऊनच बसते.

पहिलं काम, मूळ निबंध गाठायचा. बातमीत नियतकालिकाचं नाव किंवा डीओआय क्रमांक, म्हणजे निबंधाचा कायमचा ओळखक्रमांक, असतो. तो नसेल तर विषयाचे दोन-चार शब्द गूगल स्कॉलर किंवा पबमेड या निबंध शोधायच्या संकेतस्थळांवर टाका. पूर्ण निबंध पैशांच्या कुलपाआड असला तर स्कॉलरवर त्याच्या इतर प्रती दिसतात का बघा. ‘प्रीप्रिंट’ असं लिहिलेलं असेल तर वहीत पेन्सिलनेच नोंद करा. तज्ज्ञांनी तो अजून तपासलेला नसतो.

गोषवारा मी शेवटी वाचते. आधी पद्धतीचा भाग आणि तक्ते. वहीत चार रकाने: कोणावर, किती जणांवर, कशाशी तुलना, किती काळ. चौथा रकाना बहुतेक वेळा रिकामाच राहतो, तोही काही सांगतो.

टक्केवारी दिसली की ‘कितीपैकी?’ विचारा. उलथन्यांच्याच निबंधाचं बघा. त्यात ८५ टक्के वस्तूंत आगरोधक रसायनं सापडली, असं सगळीकडे छापून आलं. तपासल्या होत्या २०३ वस्तू. त्यांतल्या ज्या वीसांत ब्रोमीन, म्हणजे अशा रसायनांत असणारं मूलद्रव्य, जास्त दिसलं त्यांचीच पुढची बारीक तपासणी झाली, आणि त्या वीसांपैकी सतरांत रसायनं सापडली. ८५ टक्के खरेच, पण वीसाचे. निबंध खोटा नव्हता, हेही सांगायला हवं. जुन्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंचं प्लास्टिक पुन्हा वापरात येताना ही रसायनंही सोबत येतात, हा त्यांचा मुद्दा शून्य परत आल्यावरही उभाच आहे.

एककं मोठ्याने वाचा. मिली, मायक्रो, नॅनो: दर पायरीला हजार पटींचा फरक. ‘माणूस आठवड्याला क्रेडिट कार्डाएवढं, ५ ग्रॅम प्लास्टिक खातो’ हे २०१९पासून फिरतंय. तो आकडा त्या अंदाजाचं वरचं टोक होता, खालचं टोक ०.१ ग्रॅम. २०२१मधल्या दुसऱ्या एका गणिताने प्रौढ माणसासाठी आठवड्याला सुमारे ४.१ मायक्रोग्रॅम काढले. पाच ग्रॅमशी तुलना केली तर बारा लाख पटींचा फरक! खतावणीत असा फरक निघाला असता तर त्या रात्री कोणी घरी गेलं नसतं. इथे दोन्ही आकडे सुखाने नांदतात, कारण कण मोजायच्या आणि त्यांचं वजन धरायच्या रीती अजून एक झालेल्या नाहीत.

मग येतो ‘संबंध की कारण’. मार्च २०२४मध्ये मानेच्या रक्तवाहिन्यांतून काढलेल्या मेदाच्या थरांवरचा अभ्यास आला. पाठपुरावा झालेल्या २५७ रुग्णांपैकी १५० जणांच्या थरांत पॉलिथिलीन या प्लास्टिकचे सूक्ष्म कण सापडले. ज्यांच्यात सूक्ष्म प्लास्टिक होतं त्यांना पुढच्या सुमारे ३४ महिन्यांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू यांचा धोका साडेचार पट दिसला. वाचून मीही दचकले. पण प्लास्टिकमुळेच हे झालं असं आपण सिद्ध केलेलं नाही, हे लेखकांनी स्वतःच लिहिलंय. आठवड्याला १२० मिनिटं निसर्गात घालवा, हेही तसंच. इंग्लंडमधल्या सुमारे २०,००० लोकांना विचारून काढलेला निष्कर्ष, २०१९चा. निसर्गात गेल्याने बरं वाटतं, की बरं असलेली माणसंच जास्त फिरतात? एकदाच विचारून ते कळत नाही. मी मात्र जाते फिरायला. चालण्याचं नुकसान काय असणार?

प्रयोग कुठे झाला, तेही टिपा. घरातली झाडं हवा शुद्ध करतात ही समजूत नासाच्या १९८९च्या बंदिस्त पेट्यांमधल्या प्रयोगांवर वाढली. २०१९मध्ये जुने प्रयोग एकत्र तपासले तेव्हा निघालं, की इमारतीत एरवी होणाऱ्या हवेच्या अदलाबदलीएवढा परिणाम हवा असेल तर दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडं लागतील. खिडकी उघडा.

पर्यावरणाच्या हिशेबात ‘काय मोजलं’ हे सगळ्यांत निसटतं. डेन्मार्कच्या सरकारी अभ्यासात, २०१८ साली, साधी सुती पिशवी प्लास्टिकच्या पातळ पिशवीच्या बरोबरीला यायला ७,१०० वेळा वापरावी लागेल असं आलं, आणि लोकांनी पिशव्यांवर राग काढला. तो आकडा सगळे निकष धरून आलेला, त्यांतल्या सर्वांत वाईट निकषाने ठरलेला. फक्त हवामानावरचा परिणाम धरला तर ५२ वेळा. माझ्या सुती पिशवीने बावन्न कधीच ओलांडले.

शेवटी, दोन-तीन महिन्यांनी निबंधाच्या पानावर परत जा. दुरुस्ती किंवा माघार असेल तर तिथेच वर लिहिलेली असते. मी वहीत पुढची तारीख घालून ठेवते, वीजबिलाच्या तारखेसारखी.

उलथनी मी परत आणली नाहीत. लाकडी आता हाताला बसली आहेत.