अ‍ॅक्रेलिक नख कुठे सुटलं, ते आधी बघा

चार दिवसांत नख उचललं म्हणून क्लायंट परत आली, की नवीन टेक्निशियनचा हात आधी प्रायमरच्या (अ‍ॅक्रेलिक नखाला धरावं म्हणून आधी लावायच्या द्रवाच्या) बाटलीकडे जातो. दोष बहुतेक वेळा तिथे नसतोच. अ‍ॅसिटोनमध्ये बोटं घालून सगळं विरघळवायच्या आधी ते नख उजेडात नीट बघा: वरून, बाजूने, टोकाकडून आणि खालून. जागा कळली की कारण निम्मं सापडतं.

क्युटिकलजवळ, म्हणजे नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीजवळ, सुटत असेल, तर नखाला चिकटलेली पातळ मेलेली त्वचा राहून गेलेली असते, किंवा प्रॉडक्ट कातडीला टेकलेलं असतं. ही त्वचा पारदर्शक असते, सहज दिसत नाही. पुशरने मागे सारून नखावरून हलकेच खरवडलं की पांढरा भुगा निघतो. तो यायचा थांबेपर्यंत तयारी झालेली नाही असं समजा. मग १८० ग्रिटच्या फाइलने फक्त चमक घालवा, नख पातळ करू नका. धूळ ब्रशने झाडा, डिहायड्रेटर (नखावरची ओल काढणारं द्रव) लावा आणि प्रायमरचा अगदी पातळ हात द्या. यानंतर त्या नखाला बोट लावायचं नाही, तुमचं नाही आणि क्लायंटचंही नाही. पावसाळ्यात घामट हातांना डिहायड्रेटर एकाच वेळी दहाही नखांना लावून ठेवू नका; शेवटच्या नखापर्यंत पोचेस्तोवर ओल परत येते.

अ‍ॅक्रेलिक आणि कातडी यांच्यात साधारण १ मिमी जागा सुटलीच पाहिजे, कडेलाही. कडेने सुटणाऱ्या नखांमध्ये बीड (लिक्विड आणि पावडरचा ब्रशवर घेतलेला ओला गोळा) बाजूच्या खाचेत वाहून गेलेला असतो. टोकाशी सुटत असेल तर फॉर्म (नख वाढवायला टोकाखाली बसवायचा तात्पुरता साचा) बघा, कारण नख आणि फॉर्ममध्ये फट राहिली की माल खाली उतरतो. फॉर्म बोटाच्या आकाराप्रमाणे कापून बसवा, नखाखाली रेटू नका. बाजूने पाहताना फॉर्मची रेघ नखाच्या कडेच्या रेघेला सरळ जोडून जायला हवी. फॉर्म खाली झुकला तर नख चोचीसारखं वळतं, वर उचलला तर टोक वर जातं. फाइल करून हे पूर्ण सुधारत नाही, म्हणून पहिला बीड ठेवायच्या आधीच दाही बोटं बाजूने तपासा.

आता लिक्विड आणि पावडरचं प्रमाण, कारण बऱ्याच तक्रारी इथेच उगवतात. ब्रश लिक्विडमध्ये बुडवून एक बाजू डिशच्या कडेला पुसा, टोक पावडरमध्ये टेकवा आणि बीड पूर्ण ओला व्हायला क्षणभर थांबा. तो गोल आणि गुळगुळीत हवा. खात्री करायची असेल तर बीड टिश्यूवर ठेवा. भोवती ओलं कडं पसरलं तर लिक्विड जास्त आहे. पृष्ठभाग दाणेदार राहिला तर पावडर जास्त आहे. नखावर ठेवल्यावर त्याचा घुमट काही क्षण टिकून मग सावकाश बसला पाहिजे. ओला बीड सुकताना जास्त आकसतो आणि कडा ओढून घेतो. कोरडा बीड नखाला नीट धरतच नाही आणि नख ठिसूळ होतं.

ओल्या बीडचा दुसरा धोका मोठा आहे. न सुकलेलं लिक्विड पुन्हा पुन्हा कातडीला लागलं की अ‍ॅलर्जी होऊ शकते आणि ती सहसा जन्मभर राहते. दातांच्या काही फिलिंगमध्ये आणि हाडांच्या सिमेंटमध्येही याच कुळातली रसायनं असतात, त्यामुळे पुढे ते उपचारही अडचणीचे होऊ शकतात. क्युटिकलला खाज, लाली किंवा पुरळ दिसलं तर काम तिथेच थांबवा आणि त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवा.

पृष्ठभागावर बर्फाच्या नक्षीसारख्या रेषा उमटल्या तर कारण थंडी आहे. एसीचा झोत थेट टेबलावर येत असतो, किंवा क्लायंटचे हात गार असतात. खोली २१ ते २४ अंशांवर ठेवा आणि हात गरम करून घ्या. लिक्विड ज्वलनशील आहे, बाटली आचेजवळ नेऊ नका. उन्हाळ्यात उलट होतं: आकार द्यायच्या आत माल घट्ट होतो. तेव्हा बीड लहान घ्या.

बुडबुडे बहुधा ब्रशमधून येतात. बीड पसरवायला ब्रश घासू नका, दाबा आणि पुढे ढकला.

तुटण्याची जागाही बोलते. मूळ नख संपून वाढवलेला भाग सुरू होतो तिथे सगळा ताण येतो, त्यामुळे एपेक्स (नखाचा सगळ्यात उंच, जाड भाग) त्याच्या किंचित मागे हवा. तो टोकाकडे सरकला किंवा फाइल करताना निघून गेला तर नख आडवं मोडतं. कोपरे तुटत असतील तर कडा फार आत घासल्या गेल्या आहेत. सी-कर्व्हसाठी (टोकाकडून दिसणाऱ्या C सारख्या गोलाईसाठी) पिंच करायची, म्हणजे दोन्ही बाजूंनी दाबायची, वेळ चमक जाऊन माल मॅट दिसू लागल्यावरची. त्याआधी केलं तर वळण परत उघडतं, उशीर झाला तर तडा जातो. फाइल मात्र ब्रशच्या दांड्याने वाजवून टकटक आवाज आल्यावरच हातात घ्या.

क्लायंट ‘जळतंय’ म्हणाली तर बीड जाड आहे किंवा मूळ नख जास्त घासलं गेलंय. पुढचे बीड पातळ थरांत द्या.

माल नेहमीपेक्षा फार कडक असेल, अ‍ॅसिटोनमध्ये विरघळत नसेल आणि वास वेगळाच उग्र असेल, तर लिक्विडमध्ये एमएमए (मिथाइल मेथाक्रिलेट) असण्याची शक्यता आहे. नखांसाठी ईएमए (इथाइल मेथाक्रिलेट) असलेलंच लिक्विड घ्या. लेबल नसलेली स्वस्त बाटली घेऊ नका.

सुटलेल्या भागाखाली हिरवट डाग दिसला तर तो सहसा बुरशीचा नसतो, ओल साचून वाढलेल्या जिवाणूंचा असतो. सगळं अ‍ॅक्रेलिक काढा, वापरलेली फाइल फेकून द्या, धातूची अवजारं निर्जंतुक करा आणि नख उघडं राहू द्या. दुखत असेल, सूज असेल तर डॉक्टरांकडे पाठवा. क्लायंटने कितीही आग्रह केला तरी त्यावर नवा थर चढवू नका.